अहमदाबादची पोळ: दारातून आत शिरण्यापूर्वी



आज आपण अहमदाबादच्या जुन्या शहरात जाणार आहोत, साबरमतीच्या पूर्व काठावरच्या, एकेकाळी तटबंदीच्या आत असलेल्या शहरात. सुलतान अहमदशहाने 1411 मध्ये वसवलेलं हे शहर. जुलै 2017 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला, आणि असा दर्जा मिळालेलं ते भारतातलं पहिलं शहर ठरलं. तेव्हापासून तिथे जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. मित्रमंडळींचे फोटोही आपण बघतो: कोरीव लाकडी खांब, रंगीत दरवाजा, ओट्यावर बसलेल्या आजीबाई. फोटो छान असतात. पण ही घरं अशी का बांधली, इतकी दाटीवाटीने का बांधली आणि आज त्यातली इतकी कुलूपबंद का आहेत, हे फोटोत कळत नाही. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

आधी शब्द. पोळ म्हणजे एका दाराच्या आत वसलेली गल्ली, किंवा गल्ल्यांचा पुंजका. संस्कृत 'प्रतोली' म्हणजे वेस, मोठं प्रवेशद्वार, त्यावरून हा शब्द आला असं मानतात. आपल्याला तो अगदीच परका नाही. बडोद्याच्या मंडळींना तर सांगायलाच नको, आणि इतरांना पांजरपोळ ठाऊक असते, तिच्यातली पोळ हीच. अडचण एवढीच, की मराठीत या शब्दाचं अनेकवचन करायला गेलं की एका बाजूला पोळी आणि दुसऱ्या बाजूला पोळा उभा राहतो. म्हणून मी आपला अनेकवचनातही 'पोळ'च म्हणणार आहे.

रस्त्यावरून चालताना पोळेचं दार सहज चुकतं. दोन दुकानांच्या मध्ये एक कमान, वर एखादी खोली, बाजूला फळा. त्या फळ्यावर कुणाच्या निधनाची बातमी, सत्संगाची वेळ, पाणी कधी येणार नाही याची सूचना. वरच्या खोलीत पूर्वी पहारेकरी असायचा. रात्री दार बंद झालं की आत कोण आहे आणि बाहेर कोण, याचा हिशेब त्याच्याकडे. आत शिरलं की गल्ली वळते, पुन्हा वळते, मध्येच एक छोटा चौक लागतो, चौकात देऊळ, विहीर आणि चबुतरा. चबुतरा म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायचा नक्षीदार मनोरा. मूळ गल्लीला फाटे फुटतात, त्या फाट्यांना 'खडकी' किंवा 'खांचो' म्हणतात. खडकी आपल्या पुण्याजवळची नव्हे. मोठ्या पोळेच्या पोटातली ही छोटी पोळ. काही खांचे भिंतीला जाऊन थांबतात. काही थांबल्यासारखे वाटतात, पण कुणाच्या तरी घराच्या बाजूने बोळकांडं निघतं आणि आपण दुसऱ्याच पोळेत बाहेर येतो. ही वाट तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असायची.

असं का केलं? संरक्षण, हे पहिलं उत्तर. आणि इथे आपल्या बाजूची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अठराव्या शतकात मोगल सत्ता ढासळत होती आणि गुजरातेत मराठ्यांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या होत्या. 1725 मध्ये शहरावर लुटीचं संकट आलं, तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या तिजोरीतून रक्कम भरून ते टाळलं. व्यापाऱ्यांनी त्याची जाण ठेवून शहरात येणाऱ्या मालावरच्या जकातीतला छोटा वाटा त्यांच्या घराण्याला कायमचा लावून दिला. पुढे 1753 मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतलं, मधे ते हातून गेलं, 1758 मध्ये पुन्हा घेतलं आणि 1817 पर्यंत तिथे पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल राहिला. पेशव्यांचा सुभेदार भद्रच्या किल्ल्यात, तर गायकवाडांचं ठाणं दक्षिणेला, आजही 'गायकवाड हवेली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी. त्या काळात शहराची भरभराट झाली असं म्हणता येत नाही. लोकसंख्या घटली, कर वाढले. पोळेची दारं ज्या भीतीने मजबूत झाली, त्या भीतीत आपले घोडेस्वारही होते. अहमदाबादला गेल्यावर हा भाग सोडून फक्त 'आपली सत्ता इथेही होती' एवढंच सांगायची आपल्याला सवय आहे, म्हणून मुद्दाम बोललो.

पण नुसत्या भीतीने शहरं टिकत नाहीत. पोळेचा खरा गाभा सामाईक कारभारात आहे. दार, पहारा, विहीर, देऊळ, चबुतरा, दिवाबत्ती या सगळ्याचा खर्च पोळेतल्या घरमालकांनी वाटून घ्यायचा. पंच नेमलेले असायचे. लग्नकार्यात पोळेच्या फंडात रक्कम द्यायची. नियम मोडला तर दंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घर विकायचं किंवा गहाण टाकायचं तर आधी पोळेतल्या माणसाला विचारायचं. बाहेरच्याला परस्पर देता यायचं नाही. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, फक्त इथली सोसायटी बहुधा एका जातीची, एका धर्माची किंवा एका धंद्याची असायची. त्यामुळे जिव्हाळा होता आणि नजरही होती. कोण किती वाजता घरी आलं हे समोरच्या झरोक्याला कळायचं.

आता घरात जाऊ. पोळेतलं घर अरुंद आणि खोल असतं. दर्शनी भाग लहान, पण आत एकामागून एक खोल्या. बाहेर ओटलो, म्हणजे आपला ओटा. मग खडकी, म्हणजे देवडीसारखी पुढची खोली. मग चौक, वर आभाळाला उघडा. चौकाच्या बाजूला परसाळ, आपण जिला ओसरी म्हणू. त्यामागे ओरडो, म्हणजे आतली अंधारी खोली, जिथे तिजोरी आणि धान्य. एका कडेला रसोडं आणि पाणियारं, म्हणजे पाण्याच्या घागरी ठेवायची जागा. ती देव्हाऱ्याइतकीच जपलेली. वर माळे आणि सगळ्यात वर अगाशी. पुण्याच्या वाड्याशी याचं नातं लगेच जाणवतं, पण वाडा ऐसपैस पसरतो आणि पोळेतलं घर मात्र दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटून उभं असतं. बांधणीत विटांच्या भिंतीत आडव्या लाकडी पट्ट्या घातलेल्या असतात, खांब आणि तुळया सागवानी, बरंचसं सागवान ब्रह्मदेशातून आलेलं. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत जी माणसं गेली ती मुख्यतः काँक्रीटच्या नव्या बहुमजली इमारतींत. विटेला लाकडाची जोड असलेल्या कितीतरी जुन्या घरांना तडे गेले, पण ती हलूनही उभी राहिली.

चौकात उभं राहिल्यावर पायाखाली बघायचं. एखादी फरशी वेगळी दिसेल, किंवा तांब्या-पितळेचं झाकण दिसेल. ते 'टांकं'. चौकाखाली एका खोलीएवढी भूमिगत टाकी, आतून चुन्याने गिलावा केलेली. पावसाचं पाणी अगाशीवर पडायचं, तांब्याच्या नळीने खाली उतरायचं. मृगाचा पहिला पाऊस टाक्यात घ्यायचा नाही, त्याने गच्ची धुवून निघू द्यायची. मग तोंड वळवायचं आणि पाणी आत घ्यायचं. उजेड नाही, वारा नाही, धूळ नाही, त्यामुळे ते पाणी वर्षभर पिण्याजोगं राहायचं. एका कुटुंबाची पिण्याची आणि स्वयंपाकाची सोय पुढच्या पावसापर्यंत. पाहुण्याला टाक्याचं पाणी देणं हा मान होता.

इथे थांबून आणखी एक गोष्ट बघू, कारण टाक्याचं कौतुक सगळे करतात आणि पुढे निघून जातात. टांकं होतं ते ज्याच्याकडे पक्की गच्ची, चौक आणि ते बांधायला पैसा होता त्याच्याकडे. बाकीच्यांना विहीर. आणि याच घरांच्या खाली, त्याच जमिनीत, 'खाळकुवा' असायचा, म्हणजे सांडपाणी मुरवायचा खड्डा. शेकडो वर्षं, हजारो घरं, जमिनीत मुरणारं सांडपाणी आणि शेजारी विहीर. काय होणार ते उघड आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदाबाद हे भयंकर मृत्युदराचं शहर होतं. शौचकूप साफ करणारी माणसं रोज पोळेत यायची, पण पोळेच्या फंडात, पंचांत, देवळात त्यांना जागा नव्हती आणि त्यांची वस्ती दाराच्या आत नव्हती. सामाईक कारभार म्हणतो तेव्हा तो कुणाकुणाचा, हेही विचारायला हवं.

याच सुमारास रणछोडलाल छोटालाल या नागर ब्राह्मण गृहस्थाने शहरातली पहिली कापडगिरणी काढली. शाहपूर भागात 1861 मध्ये ती सुरू झाली, 2,500 चात्यांवर. रेल्वे अजून आलेली नव्हती, मुंबईहून ती 1864 मध्ये आली. त्यामुळे इंग्लंडहून आलेली यंत्रं खंबायतच्या बंदरातून बैलगाड्यांवर लादून आणावी लागली. मजा अशी की याच शहरात दहा वर्षं आधी कवी दलपतराम यांनी 'हुन्नरखाननी चढाई' ही कविता लिहिली होती. परदेशी यंत्रोद्योग हा हुन्नरखान नावाचा आक्रमक बनून देशावर चाल करून येतो, असं तिचं रूपक. आज लांबेश्वरच्या पोळेत त्यांच्या नावाचा चौक आहे, तिथे त्यांचा बसलेला पुतळा आहे. मूळ घर राहिलेलं नाही, दर्शनी भाग नव्याने उभारला आहे. मुलं त्या पुतळ्याच्या मांडीवर बसून फोटो काढतात आणि पुतळ्याची त्याला काही हरकत दिसत नाही.

मुंबईच्या गिरण्या आणि अहमदाबादच्या गिरण्या यांत एक मोठा फरक आहे. अहमदाबादचे गिरणीमालक बहुतेक याच शहरातले, याच पोळांमधले वाणी, जैन आणि नागर. भांडवल कुठून आलं? शेअर होतेच, पण गिरण्यांचा मोठा आधार होता तो लोकांच्या ठेवींचा. शेजारचा सराफ, नातेवाईक, ओळखीची विधवा बाई, देवस्थानाचा फंड. लोक आपली पुंजी गिरणीत ठेव म्हणून ठेवायचे, कारण शेठला ओळखायचे, त्याच्या बापाला ओळखायचे, तो कुठल्या पोळेत राहतो हे ठाऊक असायचं. घर विकताना आधी शेजाऱ्याला विचारायची जी सवय, तीच गिरणी काढताना कामाला आली. हे मला पोळेतल्या कुठल्याही नक्षीपेक्षा जास्त विलक्षण वाटतं.

गिरणीचा पैसा पोळेत परत आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला कितीतरी घरं नव्याने बांधली गेली किंवा त्यांना नवे दर्शनी भाग लागले. कडीपाटाखाली हत्ती, मोर, पोपट होतेच. आता त्यांच्या शेजारी विलायती धाटणीचे खांब, चुनेगच्चीतल्या फुलांच्या माळा, ओतीव लोखंडाचे कठडे आले. पोळेत फिरताना एकाच घरावर हे दोन्ही दिसतं. 'अस्सल जुनं' शोधत आलेल्यांचा त्यामुळे जरा हिरमोड होतो. ते विलायती खांब म्हणजेच गिरणीचा काळ आहे हे लक्षात घेतलं, तर तेही तितक्याच आवडीने बघता येतात.

आणि गिरणीनेच पोळ रिकामी करायला सुरुवात केली.

रणछोडलाल पुढे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. शहराला नळाचं पाणी आणि भुयारी गटार आणायचंच, असा त्यांचा हट्ट होता. विरोध जोरदार झाला. घरपट्टी वाढेल, जमिनीखालचं गटार कशाला, आमच्या टाक्याचं पाणी काय वाईट आहे, असे आक्षेप. पण ते मागे हटले नाहीत आणि 1890 नंतर साबरमतीच्या पात्रातल्या विहिरींचं पाणी नळाने शहरात येऊ लागलं. ते योग्यच झालं. त्याने जीव वाचले. पण नळ आला आणि टाक्याची गरज हळूहळू संपली. ज्याची गरज नाही ते उपसायला कोण उतरणार? पोलीस आले आणि पोळेच्या पहारेकऱ्याची गरज संपली. दिवाबत्ती नगरपालिकेकडे गेली. पंचांकडे उरलं काय, तर देऊळ, चबुतरा आणि नवरात्रातला गरबा. दारं राहिली, पण ती बंद करायचं कारण गेलं.

मग नदीपलीकडे पूल झाला. एलिसब्रिजचा लोखंडी पूल 1892 चा. ऐपत असलेली कुटुंबं एकेक करून पलीकडे किंवा उत्तरेला शाहीबागेत बंगल्यात गेली. 1920 च्या दशकात पश्चिम काठावर सहकारी सोसायट्या उभ्या राहू लागल्या. तटबंदी पाडायला सुरुवात झाली. जुन्या गल्ल्या कापत नवा रस्ता काढला, तो रिलीफ रोड. त्याचं दुसरं नाव टिळक मार्ग. रस्ता आखताना ज्या पोळेवरून रेघ गेली ती पोळ दोन भागांत विभागली. आजही रिलीफ रोडवर उभं राहून दोन्ही बाजूंना बघितलं तर काही घरं मधूनच कापल्यासारखी दिसतात.

गिरणीत काम करणारे कुठे होते? ते पोळेत नव्हते. ते तटाबाहेर पूर्वेला, सरसपूर, गोमतीपूर, राखियाल, अशा भागांत चाळींत राहायचे. दलित, मुस्लिम, पाटीदार, उत्तर प्रदेशातून आलेले, आंध्रकडचे पद्मशाली, आणि आपलेही लोक. 1918 मध्ये प्लेगचा बोनस बंद झाल्यावर पगारवाढीसाठी संप झाला. कामगारांची मागणी 35 टक्क्यांची, मालक 20 टक्क्यांवर अडलेले. कामगारांच्या बाजूने गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई. मालकांच्या बाजूने अनसूयाबेनचे सख्खे भाऊ अंबालाल. गांधीजींचं हिंदुस्थानातलं पहिलं सार्वजनिक उपोषण याच संपातलं. 1920 मध्ये कामगारांची संघटना उभी राहिली तिचं नाव ठेवलं 'मजूर महाजन'. महाजन म्हणजे व्यापाऱ्यांचा संघ, पोळेतल्या सराफांचा, कापडवाल्यांचा. ज्या शब्दावर आजवर मालकांचाच हक्क होता, तो कामगारांनी घेतला. पोळ बघायला जाणाऱ्यांनी तटाबाहेरचा हा अर्धा भागही आपल्या नकाशात ठेवावा, असं मला वाटतं.

1980 च्या दशकात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मुंबईसारखं इथे एका मोठ्या संपाचं नाव सांगता येत नाही. यंत्रमागांची स्पर्धा, जुनी यंत्रं, कर्ज, व्यवस्थापन, अशी कारणं साचत गेली आणि हजारो घरांचा पगार थांबला. त्याच काळात शहरात दंगली पेटत होत्या: 1969, 1985, 2002. प्रत्येक दंगलीनंतर हिंदू आणखी हिंदू भागात, मुसलमान आणखी मुस्लिम भागात सरकले. काही पोळांना पुन्हा लोखंडी दरवाजे बसले. गुजरातेत अशांत क्षेत्राचा कायदा आहे, 1991 चा. तो लागू असलेल्या भागात मालमत्ता विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दबावाखाली कुणाला घर विकावं लागू नये हा त्याचा सांगितलेला हेतू. प्रत्यक्षात दोन समाज एकमेकांच्या शेजारी राहायला येणं आणखी अवघड झालं, अशी टीका त्याच्यावर होते, आणि ती मला पटते. घर विकताना पंचांना विचारायचं, ही जुनी पद्धत वेगळ्या रूपात परत आली.

आता आजच्या कुलुपांकडे येऊ. समजा एका घराचे मूळ मालक आजोबा. त्यांचे चार मुलगे, दोन मुली. पुढची पिढी कुणी सॅटेलाइट भागात, कुणी सुरतेला, कुणी न्यू जर्सीत. घरावर बारा-पंधरा नावं. तळमजल्यावर भाडेकरू, 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या काळापासूनचा, भाडं नाममात्र. हो, तोच मुंबई राज्याचा कायदा. 1960 पर्यंत अहमदाबाद मुंबई राज्यातच होतं. छप्पर गळतं. दुरुस्तीला सही सगळ्यांची हवी, पैसे कुणीच देत नाही. दुरुस्ती करणारा जुन्या पद्धतीचा सुतार मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. शेवटी पावसात एक भिंत फुगते. मग कुणीतरी येतो, कोरीव खांब आणि तोडे विकत मागतो, घराच्या किमतीच्या मानाने बरे पैसे देतो. नाहीतर घाऊक व्यापारी येतो, कारण माणेक चौक आणि कापडबाजार जवळ. त्याला गोदाम हवं असतं. पुण्यातल्या वाड्यांचं काय झालं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

महापालिकेने काहीच केलं नाही असं नाही. वारसा विभाग 1990 च्या दशकातच सुरू झाला. घरांच्या याद्या झाल्या. यादीतल्या घरमालकाला, तिथे मजले वाढवता येत नाहीत त्याबदल्यात, हस्तांतरणीय विकास हक्क विकून पैसा उभा करता येतो. काही घरं दुरुस्त झाली, काहींत पाहुण्यांसाठी खोल्या आल्या. पण युनेस्कोची पाटी बाराव्या वारसाची सही आणून देत नाही. माझ्या मते जिथे एखादं कुटुंब अजून राहतं आणि राहू इच्छितं, त्या घराच्या छपराला आणि शौचालयाला सरळ मदत मिळणं हे दहा पाट्यांपेक्षा उपयोगी आहे. लोक पोळ सोडतात ते मोटार लावायला जागा नाही, वयस्कर आईला जिना चढवत नाही, मुलीला स्वतंत्र खोली हवी, अशा कारणांनी. त्यात चुकीचं काय आहे?

तरी जाच. कसं जायचं ते सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. अहमदाबाद स्टेशनला सगळे कालुपूर स्टेशन म्हणतात. तिथून कालुपूरचं स्वामीनारायण मंदिर जवळ आहे. 1822 चं, सागवानी कोरीव कामाचं. महापालिकेचा वारसा फेरफटका 19 नोव्हेंबर 1997 पासून इथूनच निघतो, सकाळी आठच्या सुमाराला, आणि दोन-अडीच तासांत पोळांमधून फिरवत 1424 च्या जामा मशिदीपाशी संपतो. जाण्याआधी वेळ तपासून घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने माहीतगाराबरोबर जावं हे बरं, कारण त्या गुप्त वाटा नकाशात सापडत नाहीत. दुसऱ्या दिवशी एकट्याने जा आणि मुद्दाम चुका. खाडियात देसाईची पोळ, रायपूरकडचा भाग, माणेक चौकाजवळची मुहूर्त पोळ, जी सगळ्यांत जुनी मानतात. आणि मांडवीची पोळ, जी सगळ्यांत मोठ्या पोळांपैकी.

एक विनंती. ओटा रस्त्यावर असला तरी तो घराचा भाग आहे. बसायचं तर विचारून बसा. बहुतेक वेळा 'बेसो ने' असंच उत्तर येतं आणि मागून पाणीही येतं. उघड्या दारातून आतल्या चौकाचा फोटो काढायचा तर आधी हाक मारा. म्हाताऱ्या माणसांना टाक्याबद्दल विचारा, कॅमेरा बाजूला ठेवून. तुमचं गुजराती तोडकंमोडकं असलं तरी चालतं. मराठी ऐकलं की कुणाला मुंबई आठवते, कुणाला दादासाहेब मावळंकर. लोकसभेचे पहिले अध्यक्ष असलेले मावळंकर मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराण्यातले; त्यांची वकिली अहमदाबादची, नगरपालिकेचं अध्यक्षपद अहमदाबादचं आणि हवेली भद्रमध्ये.

उत्तरायणाला, म्हणजे 14 आणि 15 जानेवारीला गेलात तर वेगळंच शहर दिसेल. पलीकडे राहायला गेलेली कुटुंबं त्या दोन दिवसांसाठी पोळेतल्या आपल्या अगाशीवर परत येतात. हल्ली बाहेरच्यांना गच्च्या भाड्यानेही देतात आणि त्या भाड्यात काही घरांची वर्षाची डागडुजी निघते. फक्त मांजापासून जपा, स्वतःच्या गळ्यासाठी आणि चबुतऱ्यावरच्या पक्ष्यांसाठीही.

आणि आषाढात कधी जाणं झालं तर पोळेत थांबू नका, तटाबाहेर सरसपूरला जा. आषाढी बीजेला जमालपूरच्या जगन्नाथ मंदिरातून रथयात्रा निघते, दुपारी ती सरसपूरला विसावते, कारण ते देवाचं आजोळ मानलं जातं. गिरण्यांच्या या भागातही पोळ आहेत, चाळींच्या शेजारी, कोरीव खांबांशिवायच्या. त्या दिवशी प्रत्येक पोळ आपापल्या पातेल्यात पुरी, भाजी, मोहनथाळ असं काही रांधते आणि यात्रेला आलेल्या हजारो माणसांना गल्लीत पंगत मांडून जेवू घालते. वर्गणी घरटी काढतात. गिरण्या बंद होऊन चाळीस वर्षं होत आली, तरी ती पंगत बसते आहे.